सत्तरच्या आत

२ जानेवारी २०२६, रिसोड

इब्राहीमभाईच्या आडत दुकानातून मला दरवर्षी नवी डायरी मिळते आणि दरवर्षी विमल तिच्यावर गरम कढई ठेवते. या वर्षी मी ती आल्याबरोबर कपाटात टाकली, कारण या वर्षी लिहिण्यासारखं काम निघालं आहे. विमलची तब्येत.

विमल म्हणजे माझी बायको. दिवाळीत तिला निमोनिया झाला. अकोल्याला दवाखान्यात होतो. तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी आणि मी बाहेर बाकड्यावर. त्या दिवसांबद्दल मला लिहायचं नाही. मी फार घाबरलो होतो, एवढंच लिहितो. अजूनही ती नुसती ठसकली तरी मी उठून तिच्याजवळ जातो.

काल उत्कर्ष पुण्याला परत गेला. जाताना आईच्या मनगटावर एक घड्याळ बांधून गेला. काळं, चपटं, खालून हिरवा दिवा लुकलुकतो. ते बांधून झोपायचं. सकाळी माझ्या मोबाइलवर आकडा येतो, की माणूस आरामात असताना हृदयाचे मिनिटाला किती ठोके पडतात. उत्कर्ष म्हणाला, आजार अंगात शिरला की ताप यायच्या आधीच बऱ्याचदा हा आकडा चढतो आणि बरं झालं की उतरतो. पोरानं पहिल्यांदा माझ्या मनासारखी वस्तू आणली.

मी बाजार समितीत तीसेक वर्षं मालाची प्रत पाहिली. सोयाबीनचा ओलावा मशीनवर मोजायचा, बारा टक्क्यांच्या वर गेला की माल नापास. बारा म्हणजे बारा. साडेबाराला मी कधी बारा म्हटलं नाही, सख्ख्या साडूच्या मालालाही नाही. साडू तीन वर्षं बोलत नव्हता, तो भाग वेगळा.

विमलचा आजचा आकडा ७९.

४ जानेवारी

७८.

सकाळी अंजना आली. आमच्या वस्तीतल्या विहारात बायकांचं गायन मंडळ आहे, त्यात ती ढोलकी वाजवते. तिच्या माहेरी, इंझोरीला, नवं विहार बांधलं आहे. माघ पौर्णिमेला, म्हणजे १ फेब्रुवारीला उद्घाटन. मंडळाला गायला बोलावलं आहे. आजवर पुढं उभं राहून रुपाबाई गायची आणि बाकीच्या मागून साथ द्यायच्या. रुपाबाई आता लेकीकडे राहायला गेली. म्हणून मंडळानं ठरवलं की पुढं विमलनं उभं राहायचं.

इतकी वर्षं मागच्या रांगेत गायलेली बाई. तिचा चेहरा असा उजळला की मला दोन मिनिटं काही सुचलं नाही. मग सुचलं. मी अट घातली की आकडा सत्तरच्या आत आला तरच इंझोरी.

"सत्तर कोणं ठरवलं?" विमलनं विचारलं.

"म्या."

"काहून सत्तरच?"

"मोबाइलवर साठ ते शंभर लिहून हाये. शंभर म्हंजे काठावर पास. आपल्या घरात काठावर पास चालत नाही."

अंजना म्हणाली, "भाऊ, बाई हाये ते. सोयाबीन नाही."

दोघी हसल्या. मी हसलो नाही. गंभीर गोष्टीत मी हसत नाही.

९ जानेवारी

७७. ७८. परत ७८. आकडा जागचा हलायला तयार नाही.

मी माझ्या परीनं सगळं करतो आहे. तिखट बंद केलं. दुपारची झोप सक्तीची केली. जेवणात रोज जवसाची चटणी. विहारातली तालीम आकडा उतरेपर्यंत बंद, कारण छातीला आराम पाहिजे. तर ही तुरीची डाळ निवडायला बसते आणि सूप हलवता हलवता गुणगुणते.

"आराम दे न छातीले," मी म्हणालो.

"गुणगुणल्यानं छाती झिजते काय?"

मी चप्पल घातली आणि इब्राहीमभाईच्या दुकानावर गेलो.

दिसायला ती ठणठणीत आहे. पाण्याची बादली उचलते, जिना चढते, मला बोलते. पण वरून कोरडा दिसणारा माल आतून ओला असतो, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. घड्याळामुळं मनगटाला खाज सुटते म्हणाली. म्हटलं, औषध कडूच असतं.

१२ जानेवारी

६३!

मी मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. तरी ६३. एका रात्रीत असा उतार मी कापसाच्या भावातच पाहिला होता. हा जवसाच्या चटणीचा गुण. जिलेबी आणली. शेजारी वाटली. विमलनं दोन कडी खाल्ली आणि विचारलं, "मंग आता जाऊ?"

मी म्हणालो की एका पोत्याचा नमुना पाहून ढीग पास होत नाही. तीन-चार दिवस आकडा टिकला पाहिजे. लोक काय काय करतात ते मला ठाऊक आहे. ओल्या ढिगापुढं उभे राहतात आणि खिशातून कोरड्या मालाची मूठ काढून देतात. पण माझ्या डोळ्यांदेखत नमुना बदलणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे मी विमलला जरा अभिमानानंच सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. जिलेबीचा पाक लागला असावा.

१५ जानेवारी

६२, ६३, ६२. ढीग पास. विमलला इंझोरीची परवानगी दिली आणि तालीम सुरू करायला सांगितलं. ती चप्पल घालून तयारच होती.

घड्याळात मात्र एक खोट सापडली. ते म्हणतं की विमल सव्वासहापर्यंत गाढ झोपलेली होती. ती तर पाचलाच उठली. सव्वासहाला मी उठलो तेव्हा माझा चहा तयार होता. उत्कर्षला फोन करून सांगितलं की कंपनीकडे तक्रार कर. तो म्हणाला, "बाबा, आईले द्या फोन." मग मायलेक बराच वेळ हसत होते. कशावर, ते मला कोणी सांगितलं नाही.

माझ्या डाव्या मनगटाला लाल चट्टा उठला आहे. ढेकूण असावा. खोबरेल लावलं आणि गादी उन्हात टाकली.

१९ जानेवारी

काल इब्राहीमभाईच्या पोराचा, एजाजचा वलिमा, म्हणजे लग्नाची दावत होती. विमलची तालीम होती, म्हणून मी एकटाच गेलो. नको नको म्हणत असताना इब्राहीमभाईनं ताटात बिर्याणी वाढली. "खावो भाऊ, बाई घरी हाये, कोण पाह्यते?" दुसऱ्यांदाही वाढली. नंतर फिरनी. घरी आलो तो पोटाला तडस लागलेली, नीट आडवं होता येईना.

आज सकाळी आकडा ६९. थोडक्यात वाचला.

मी विमलला उलटतपासणीला घेतलं. "काल काय खाल्लं?"

"खिचडी."

"अजून?"

"खिचडीच. तुमी काय खाल्लं?"

"माझा प्रश्न नाही इथी," मी म्हणालो.

तर ती हसता हसता खाली बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आजारातून उठलेल्या माणसाचं मन हळवं होतं म्हणतात. मी खिचडीतलं तूप कमी करायला सांगितलं.

२१ जानेवारी

६२.

संध्याकाळी तिला घ्यायला विहारात गेलो. दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला, एकटीचा, साथ नंतर. मला आधी वाटलं कोणी बाहेरगावची गायिका आली आहे. मग कळलं की ही आपली. चाळीस वर्षं या बाईचा आवाज मी ऐकतो आहे, पण तो 'जेवून घ्या' आणि 'गॅस संपला' यासाठी. हा वेगळाच होता. मोकळा, भरलेला, कुणाची परवानगी न मागणारा. मी दाराशी उभाच राहिलो. अकोल्याच्या त्या बाकड्यावर हाच आवाज पुन्हा ऐकू येईल की नाही असं वाटलं होतं. माझे डोळे भरून आले. इथं लिहितो, कारण ही डायरी कोणी वाचत नाही.

ती बाहेर आल्यावर मी म्हणालो की दुसऱ्या गाण्यात जरा घाई होते.

२५ जानेवारी

काल ६६. आज ७१.

काही पटत नाही. विमलचं सगळं सुरळीत चालू आहे. खाते, गाते, सकाळी अंगण झाडते. उलट मीच दोन दिवस मरगळलेला आहे. चहाला चव नाही. इब्राहीमभाईच्या दुकानापर्यंत चालत गेलो तर मधेच कट्ट्यावर टेकावं लागलं. पण माझं वय झालं, त्यात नवल नाही. काळजी तिची आहे.

सकाळी तिला सांगितलं की आकडा सत्तरच्या वर गेला, तालीम बंद. मी भांडणाच्या तयारीनं बसलो होतो. ती भांडलीच नाही. मोबाइल हातात घेऊन आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाळावर हात ठेवला.

"खोकला येते काय तुमाले?"

"थोडासा. थंडीचा. तू आपलं पाह्य."

थोड्या वेळानं गवती चहा, आलं, मिऱ्यांचा काढा घेऊन आली आणि पेला माझ्या हातात दिला. आजारी ती आणि काढा मला. निमोनियानं माणसाच्या डोक्यावरही परिणाम होतो की काय, हे डॉक्टरांना विचारायचं आहे.

२७ जानेवारी

काल ७४. आज ७८. दोन आठवड्यांचं सगळं पाण्यात गेलं असं समजून मी सकाळी डोकं धरून बसलो होतो. तर विमल पातळ बदलून पुढं उभी. "चला, डॉक्टर मॅडमकडे."

मला बरं वाटलं. म्हटलं, स्वतःहून तयार झाली. मोबाइल, जुने एक्स-रे, सगळं पिशवीत घेतलं. रिक्षात चढताना मला धाप लागली.

मॅडमनी विमलला स्टुलावर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"मॅडम, पैले यायले तपासा." तिनं माझ्याकडे बोट केलं.

"अवो, आजारी तू हाये," मी म्हणालो. "मॅडम, हा आकडा पाहा, बासष्टवरून अठ्ठ्याहत्तर..."

"तो आकडा माहा नाही," विमल म्हणाली. "यायचा हाये."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी विमलकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण आवाज पक्का होता. "रोज रातच्याले मी घड्याळ यायच्या हातावर बांधतो आन् हे उठाच्या आधी काढून घेतो. पंधरा दिवस झाले. चार दिवसांपासून आकडा चढून राह्यला. माणूस आजारी पडून राह्यला, मॅडम, आन् त्याले पत्ताच नाही."

मॅडमनी मला स्टुलावर बसवलं. छातीला नळी लावली. खोल श्वास घ्या. पुन्हा घ्या. उजव्या बाजूला खाली बराच वेळ थांबल्या. ताप जेमतेम होता. एक्स-रे काढला, त्यात उजवीकडे खाली पांढुरका डाग. निमोनियाची सुरुवात. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "आणखी चार दिवस घरी काढले असते तर भरती करावं लागलं असतं."

मी औषधाची चिठ्ठी हातात धरून बसलो. 

"म्हंजे तू नमुना बदलला? माझ्या डोळ्यांदेखत?"

"डोळे मिटेल होते न तुमचे," विमल म्हणाली. "घोरून राह्यले होते. माह्या हाताले खाज सुटली होती. म्हटलं, यायलेच बांधून पाहू, यायचा तरी येते काय सत्तरच्या आत. आला. मंग रोज बांधलं."

मॅडम हसू दाबत होत्या. त्यांनी विमलचीही छाती तपासली आणि साफ आहे म्हणाल्या. तिचा सत्त्याहत्तरचा आकडा हा तिचाच, नेहमीचा, त्यात काही दोष नाही. "काका, प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. एकाची मर्यादा दुसऱ्याला लावून चालत नाही. आपला रोजचा किती, आणि आज त्याच्यापेक्षा किती चढला, ते पाहायचं. आणि एखाद्या दिवशी जड जेवलं, झोप झाली नाही, तरी चढतो." एकोणीस तारखेचा ६९ मला तिथंच आठवला. बिर्याणीबद्दल मी मॅडमना काही बोललो नाही.

म्हणजे जी बाई पहिल्या दिवसापासून बरी होती, तिला मी नापास करत होतो.

येताना रिक्षात मी तोंड फिरवून बसलो. राग फार आला होता. बाजार समितीत तीस वर्षांत झालं नाही ते घरात झालं. अर्ध्या रस्त्यात मात्र वेगळाच विचार आला. ती चार दिवस गप्प बसली असती तर? घड्याळ बिघडलं म्हणून काढून ठेवलं असतं आणि रविवारपर्यंत माझा खोकला थंडीवर ढकलला असता, तर इंझोरीला आरामात गाऊन आली असती. आता नवरा आजारी, म्हणजे सगळंच बुडालं.

मी विचारलं, "आन् इंझोरी?"

"इंझोरी गेली उडत," ती म्हणाली. "अकोल्याचं ते बाकडं मले नाही पाह्यचं. तुमी पाह्यलं तेवढं पुरे."

मी तिचा हात धरला. रिक्षावाला आरशातून पाहत होता. पाहू दे.

२९ जानेवारी

काल १०२ ताप. आज १०० आहे. घड्याळ उघड उघड माझ्या हातावर. ८५. अक्षर वाकडं येतं आहे.

बाहेरच्या खोलीत विमल अंजनाला सांगत होती, "दुसरं कोणी उभं करा पुढं. मी नाही येत."  अंजना भिंतीला टेकून बसल्याचा आवाज आला. मी खाटेवरून ऐकलं. तापापेक्षा हे जास्त लागलं.

३१ जानेवारी

परवा संध्याकाळपासून ताप नाही. काल ७७. आज ७१. भाकरीला चव आली.

सकाळीच मी विमलला म्हणालो, "तू उद्या इंझोरीले जा."

"तुमचा आकडा सत्तरच्या आत आला तर जातो."

"एकाहत्तर हाये. एकानं काय होते?"

"साडेबाराले कधी बारा म्हटलं काय तुमी?"

इतकं अडवून माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. साडूसुद्धा नाही. मी म्हणालो की माझी मर्यादा चुकीची होती, हे मॅडमनीच सांगितलं. ती म्हणाली, तिच्यासाठी चुकीची होती, माझ्यासाठी बरोबर आहे. मी म्हणालो, मी एकटा राहतो. ती म्हणाली, राहा, मीही राहतो. मी म्हणालो, मंडळाच्या बायका काय म्हणतील. ती म्हणाली, म्हणू द्या. शेवटी मला खरं ते बोलावं लागलं.

"म्या विहाराच्या दाराशी उभं राहून तुहं गाणं ऐकलं. मले ते परत ऐकायचं हाये. पुढं बसून."

विमल उठून आत गेली. मला वाटलं रडते आहे. ती मॅडमना फोन करत होती. नवऱ्याला जीपमध्ये बसवून नेलं तर चालेल काय, औषधं सोबत घेतो, कान बांधतो, धुळीत बसू देत नाही. मॅडम म्हणाल्या, ताप परतला नाही आणि नुसतं बसून राहणार असतील तर न्या.

२ फेब्रुवारी

काल सकाळी ताप नव्हता. जीप निघाली. मी पुढच्या सीटवर, अंगात दोन स्वेटर, वरून शाल, डोक्याला मफलर. मागं अकरा बायका आणि ढोलकी. वाशिम जाईपर्यंत प्रत्येकीनं मला एकदा तरी पाणी विचारलं होतं. शेतांमध्ये हरभरा घाट्यांवर आलेला होता. असं वाटलं की फार दिवसांनी बाहेर पडलो आहे.

इंझोरीचं विहार लहानसं, पांढरं, ताज्या रंगाच्या वासाचं. मंडप गच्च. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. वंदना झाली, भाषणं झाली, आणि मग विमल पुढं आली. पांढरं पातळ, हातात माइक, माइक धरायची सवय नाही म्हणून तो जरा लांब. मागच्या रांगेतल्या बाईसारखी एकदा तिनं मागं वळून पाहिलं. मागं अंजना होती. अंजनानं ढोलकीवर थाप दिली.

पहिलं गाणं उत्तम झालं. दुसऱ्या गाण्यात, चढत्या ओळीवर, तिचा श्वास संपला. ओळ अर्ध्यावर तुटली. मी खुर्चीतून उठलोच. पण मागच्या दहाजणींनी ती ओळ उचलली आणि धरून ठेवली, जशी इतकी वर्षं तिनं रुपाबाईची धरली असेल. विमलनं डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला. हसली. आणि तीच ओळ पुन्हा, होती त्याहून वरून, उचलली. मंडपातल्या बायका टाळ्यांचा ठेका धरून उभ्या राहिल्या. मला बसायला सांगितलेलं होतं. मी बसलो नाही. मॅडमना हे सांगायचं नाही.

जेवणं चालली होती तेव्हा एक गृहस्थ माझ्याकडे आले. राजपाल म्हणून, मानोऱ्याचे. जय भीम घातला आणि म्हणाले, "भाऊ, पुढच्या पौर्णिमेले आमच्या इथी कार्यक्रम हाये. म्हटलं तुमाले विचारून घ्याव."

मी शाल सावरली. आजवर कधी बोललो नव्हतो असं वाक्य मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो. "मले काय विचारता? तिले विचारा. माझी काई हरकत नाही."

राजपाल जरा गोंधळले. "बाईनं तं कवाच हो म्हटलं, भाऊ. तारीख बी ठरली. तुमी सोबत येता काय, ते विचारून राह्यलो. गाडीत जागा धरा लागते."

मी विमलकडे पाहिलं. ती बायकांच्या घोळक्यात वरण-पोळी खात होती आणि इकडं पाहतही नव्हती.

येतो म्हणालो. खिडकीजवळची जागा सांगितली.